तांदळाने वाढलेला धर्म?

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्या जलशांमध्ये हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते. हे लोक गरिबाला तांदूळ देतात, औषध देतात, पोरांची फी भरतात आणि बदल्यात त्याचे ईमान घेतात. त्याला जोडूनच पुढचे येते: आपण असे काही करत नाही, म्हणून धर्मांतरविरोधी कायदा आला तर तो त्यांच्यावर येईल, आपले काय जाते? ऐकणारे माना डोलावतात. मोबाईलवर तेच फिरते, आणि पाठवणाऱ्याला वाटते की आपण दीनची खिदमत केली.

हे वाक्य आपले नाही, उसने आहे. ज्या तोंडातून 'इस्लाम तलवारीने पसरला' हे निघते, त्याच तोंडातून 'ख्रिस्ती धर्म तांदळाने पसरला' हेही निघते. दोन्ही आरोप एकाच घरात वाढलेले भाऊ आहेत. पहिला ऐकला की आपण कपाटातून इतिहासाची पुस्तके काढतो, सूफींचे दाखले देतो, केरळच्या व्यापाऱ्यांचे दाखले देतो. दुसरा मात्र काहीही न तपासता खिशात घालतो आणि पुढच्या तकरीरमध्ये खर्च करतो.

माझा अकीदा आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारे तिथेच अडकतील. हजरत ईसा अलैहिस्सलाम हे अल्लाहचे बंदे आणि रसूल आहेत, पुत्र नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत मला मान्य नाही. सलीब आणि कफ्फारा याबद्दल माझे मत तेच आहे जे कोणत्याही मुसलमानाचे असते. पण एखाद्याचा धर्म चूक आहे असे मानणे वेगळे आणि त्याने तो पैसे घेऊन पत्करला असे म्हणणे वेगळे. पहिला मतभेद आहे. दुसरे बोहतान आहे, आणि बोहतानाची शिक्षा काय, हे जलशात बसलेल्या मंडळींना मी सांगायला नको.

सूरह अल-फतहची शेवटची आयत आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. तिच्यात सहाबांची उपमा इंजीलमध्ये कशी आली आहे ते सांगितले आहे: पेरलेल्या पिकासारखी. आधी कोंब येतो, मग तो भक्कम होतो, जाड होतो, आपल्या खोडावर उभा राहतो आणि पेरणाऱ्याला आनंद देतो. किती जण ही आयत पढतात आणि तिच्यात इंजीलचे नाव आहे हे न थांबता पुढे जातात! आजच्या ख्रिस्ती लोकांच्या हातात जी शुभवर्तमाने आहेत, त्यांतल्या मार्कच्या चौथ्या अध्यायात अशीच एक गोष्ट आहे. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी उगवून वर येते आणि ते कसे आले हे त्याला कळतही नाही. लगेच पुढे मोहरीच्या दाण्याची गोष्ट आहे. आजची शुभवर्तमाने म्हणजेच उतरलेली इंजील, असा माझा दावा नाही; उलमांचे त्यावरचे म्हणणे मला ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेची वाढ ज्या चित्रातून समजून घेतो, ते चित्र आपल्याला परके नाही.

त्या श्रद्धेचा स्वभावही याच चित्रात आहे. दीन म्हटले की आपल्यापुढे कलमा, नमाज, रोजा, जकात, हलाल-हराम असा बांधीव आराखडा येतो. दोन माणसांसमोर कलमा पढला की माणूस दाखल झाला. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी आराखडा नाही, एक व्यक्ती आहे. त्या व्यक्तीवर भरवसा बसावा लागतो, आणि भरवसा बसायला वेळ लागतो. तो गोष्टीतून बसतो, गाण्यातून बसतो, आजारात कोणी उशाशी बसले तर त्यातून बसतो. शरियतसारखा तपशीलवार कायदा नसल्यामुळे ही श्रद्धा ज्या मुलखात जाते तिथली भाषा, तिथले कीर्तन, तिथली आडनावे अंगावर घेते. मला हे तिचे दुबळेपण वाटते, तिच्या अनुयायांना तेच बळ वाटते. पण ती कशी वाढते हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात इथून करावी लागेल. तांदळाच्या पोत्यापासून सुरुवात केली तर काहीच उलगडत नाही.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. १८९३ मध्ये हे चित्पावन ब्राह्मण कवी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या आणि त्याने नव्या कराराची एक प्रत हातात दिली. तेवढेच. ना तांदूळ, ना फी. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे हा माणूस आतल्या आत झुंजत होता. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बदल्यात काय मिळाले? जात गेली, नातेवाईक गेले, बायको गेली. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिल्या आणि त्या दिवसांत वेड लागायचेच काय ते बाकी होते. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सांगायला नको. (ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. मराठीत इतके सरळ, इतके हसवणारे आणि इतके रडवणारे आत्मचरित्र दुसरे नाही, असे मी वर्गातही सांगतो.)

मला लक्ष्मीबाईंची गोष्ट टिळकांच्या गोष्टीपेक्षा जास्त शिकवणारी वाटते. टिळक वाचून बदलले, पण या बाई वाचून बदलणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याशी पुन्हा एकत्र आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. आपला धर्म सोडायचा नाही, हा निश्चय पक्का होता. टिळकांसारखा वक्ता घरात असून वादाने काम झाले नाही. हळूहळू सोवळ्या-ओवळ्याची भिंत त्यांची त्यांनाच पोकळ दिसू लागली, देवाने माणसांत जाती केल्या असतील का हा प्रश्न मनात घर करून बसला, आणि १९०० मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! एवढा वेळ लावणारे आमिष जगात कोणी पाहिले आहे का? पुढे टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले तेव्हा ते पूर्ण करायला याच बाई बसल्या.

कोणी म्हणेल, टिळकांना मिशनची नोकरी मिळाली. मिळाली. अहमदनगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर) ते अमेरिकन मिशनमध्ये शिकवत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनशी असलेला हा पगारी संबंधही सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, कारण ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाचे होणे नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर मी त्या वक्त्यांपेक्षा वेगळा उरणार नाही. पोर्तुगिजांनी जोरजबरदस्ती केली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि ते १८१२ पर्यंत टिकले. देवळे पाडली गेली, मशिदीही. हे नाकारणारा ख्रिस्ती असो की मुसलमान, तो इतिहासाशी बेइमानी करतो. पण याच इतिहासात एक अशी गोष्ट आहे की जिचे उत्तर जबरदस्तीच्या सिद्धांताकडे नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले. ज्यांना फक्त तलवारीने ख्रिस्ती केले होते त्यांना परत जायला वाट मोकळी झाली. तरी वसईच्या पट्ट्यात ख्रिस्ती समाज राहिला, मराठ्यांच्या राज्यात राहिला, आजही आहे. त्याच मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले, ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झाला, तोही नोंदवून ठेवतो. तलवारीने पेरलेले पीक तलवार गेल्यावर वाळते. जे वाळले नाही त्याची मुळे दुसऱ्या कशात तरी होती. भाषेत होती, असे माझे मत आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिले आणि ते १६१६ मध्ये छापून निघाले, तेही रोमन लिपीत. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. त्यांच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे जमणार नाही, पण मराठीत बोलायला ते लाजले नाहीत. आपण आज जुम्याचा खुतबा मराठीत समजावून सांगायचा म्हटला तरी कमिटीत भांडण होते!

दुष्काळाचेही बोलले पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यात दुष्काळानंतर ख्रिस्ती लोकसंख्या वाढली, हे खरे आहे. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली गोळा करून आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या जगल्या, शिकल्या आणि पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. याला आमिष म्हणायचे असेल तर म्हणा. पण मग आपल्या यतीमखान्यांना काय म्हणणार? तिथे आलेल्या अनाथ पोराला आपण जेवण देतो आणि कलमाही शिकवतो. आपल्याला त्यात सवाब दिसतो. केडगावला तेच झाले की सौदा दिसतो. आणि रमाबाईंचे आयुष्य केवळ भाकरी वाटण्यात गेले नाही. त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचे भाषांतर केले, मरेपर्यंत त्याच कामात होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून आले. भाकरी एका दुष्काळाला पुरते, त्यानंतर माणूस टिकतो तो अशा कामामुळे.

तांदळाचा सिद्धांत खोटा ठरवायचा असेल तर मिरजेला जा. डॉ. वॉनलेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशनचे इस्पितळ उभे केले. सव्वाशेहून जास्त वर्षे सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतचे हिंदू-मुसलमान तिथल्या खाटांवर झोपले, त्यांची ऑपरेशने झाली, त्यांच्या बायकांची बाळंतपणे झाली. औषधाने ईमान विकत घेता येत असते तर मिरज केव्हाच ख्रिस्ती झाले असते. पण ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर आजही उरूस भरतो, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीत तिथे गाणे होते, आणि गाणारे-ऐकणारे आजारी पडले की मिशनमध्ये जात आले.

शाळेचेही तेच. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांची शाळा मध्येच सुटली होती. मुलगा हुशार आहे, त्याला परत शाळेत घाला, असे त्यांच्या वडिलांना पटवून देणाऱ्यांत शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते, फारसीचे शिक्षक. (आमच्या पेशातला माणूस, म्हणून मला त्यांचा जरा जास्तच अभिमान.) म्हणजे एका मुसलमान शिक्षकाने हिंदू मुलाला ख्रिस्ती शाळेत पाठवायला लावले. मुलगा ना ख्रिस्ती झाला ना मुसलमान. तो महात्मा फुले झाला. सहा वर्षे मिशनऱ्यांच्या हाताखाली राहूनही जो बदलला नाही तो फीमाफीच्या लोभाने बदलेल, हे गणित मला तरी सुटत नाही.

आणि आमिषच शोधायचे असेल तर ते उलट्या दिशेने लावलेले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, राखीव नोकरी जाते, राखीव मतदारसंघ जातो, आणि गावातली वागणूक मात्र जशीच्या तशी राहते. परत आला की सगळे परत मिळू शकते. कोणत्या बाजूला तांदूळ ठेवला आहे, सांगा! आकडेही बघा. महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे १० लाख ५८ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १० लाख ८० हजार. दहा वर्षांत राज्याच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा १.०९ टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आला. देशात दोन्ही वेळा २.३ टक्क्यांच्या आसपास. एवढी पोती वाटून हाती हे आले असेल तर तो जगातला सर्वांत तोट्याचा धंदा म्हणायला हवा. याच १९५० च्या आदेशाविरुद्ध दलित ख्रिस्ती आणि मेहतर-हलालखोरांसारखे दलित मुसलमान सर्वोच्च न्यायालयात एकत्र उभे आहेत. तिथे एकत्र आणि जलशात त्यांच्या नावाने बोटे मोडायची?

आपल्यातला दुसरा एक वर्ग तांदळाची भाषा करत नाही. त्याचा भरवसा मुनाजऱ्यावर आहे. अहमद दीदात यांच्या चित्रफिती पाहिल्या, बायबलमधल्या दहा विसंगती पाठ केल्या की ख्रिस्ती धर्म संपला, असे या तरुणांना वाटते. त्यांना आग्र्याची गोष्ट सांगावीशी वाटते. एप्रिल १८५४ मध्ये मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा तिथे प्रसिद्ध मुनाजरा झाला. बायबलच्या पाठात चुका शिरल्या आहेत, हे फांडरला कबूल करावे लागले. आपण जिंकलो, असे आपण आजवर सांगतो आणि मौलानांच्या इल्मबद्दल मला शंका नाही. 'इजहारुल हक' हे त्यांचे पुस्तक मोठेच आहे. पण त्या विजयी बाजूच्या वर्तुळातले दोन आलिम, मौलवी सफदर अली १८६४ मध्ये आणि मौलवी इमादुद्दीन १८६६ मध्ये, ख्रिस्ती झाले. इमादुद्दीन तर आग्र्याच्या मशिदीत पाद्र्यांच्या विरोधात वाज करायला नेमलेले. खोडून काढायला म्हणून मत्तयचे शुभवर्तमान उघडले आणि पहिल्या काही अध्यायांतच हलले. त्यात डोंगरावरचे प्रवचन आहे, ज्यापाशी पुढे टिळक थांबले तेच. मला या दोघांच्या निर्णयाचे दुःख आहे. पण वादात जिंकलेल्या बाजूची माणसे गेली, यातून काही कळून घ्यायचे की नाही? तर्काने तोंड बंद होते. मन कशाने उघडते हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नावर आपण गृहपाठच केलेला नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण मान डोलावणाऱ्यांचे खरे समाधान तिथे आहे. संविधानाचे २५ वे कलम धर्माच्या प्रचाराचा हक्क देते. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. खटला एका पाद्र्याचा होता, निकाल आपल्यालाही लागू झाला. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, कर्नाटक यांनी २०२१-२२ च्या सुमारास जे कायदे केले त्यांची चर्चा चर्चमधल्या प्रार्थनेपेक्षा कशावर झाली? मुसलमान मुलांच्या लग्नांवर. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली, तिच्या विषयातही 'लव्ह जिहाद' हा शब्द आधी होता. 'तो त्यांच्यावर येईल' म्हणणाऱ्यांनी हा कागद तरी वाचायला हवा होता.

उत्तर प्रदेशच्या कायद्यातली आमिषाची व्याख्या मुद्दाम वाचा. पैसा, वस्तू, नोकरी यांच्याबरोबर धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचे आश्वासन आणि ईश्वरी कोपाची भीतीसुद्धा त्यात आहे. आखिरत आणि जहन्नमचा उल्लेख केल्याशिवाय कोणत्या मौलानांची तकरीर पूर्ण होते? आणि जकात? सूरह अत-तौबाच्या साठाव्या आयतीत जकातचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आहेत, मिस्कीन आहेत, कर्जबाजारी आहेत, मुसाफिर आहेत. त्यांतच चौथे आहेत 'मुअल्लफतुल कुलूब', म्हणजे ज्यांची मने इस्लामकडे वळवायची, जोडून घ्यायची आहेत ते. हा वर्ग आजही लागू आहे की नाही यावर फुकहांमध्ये मतभेद आहे, पण आयत कुरआनात आहे. सरकारी वकिलाच्या हाती आमिषाची ती व्याख्या आणि ही आयत शेजारीशेजारी पडली तर तो काय म्हणेल, हे पुढच्या जलशात ख्रिस्ती लोकांच्या तांदळावर बोलणाऱ्या साहेबांना कोणीतरी उभे राहून अदबीने विचारावे.